मॅनेजरांचं गाऱ्हाणं

भर मे महिन्यात मालवणच्या किनाऱ्यावर गळ्याला लोकरीचा मफलर गुंडाळून बसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे घरमालक. मफलर तांबडा, एका टोकाला कसर लागलेला. एरवी काकी, म्हणजे त्यांची बायको, तो कडुलिंबाच्या पाल्यात घालून ट्रंकेत ठेवीत. सामन्याच्या दिवशी मात्र तो दुपारपासूनच मालकांच्या गळ्यात असे आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या मानेवर घामोळं उठलेलं असे. मग काकी पावडरचा डबा घेऊन बाहेर यायच्या.

"थंडी इंग्लंडात आणि घामोळा हंय," त्या म्हणायच्या.

वाडीत सगळे त्यांना मॅनेजर म्हणत. ते कशाचेही मॅनेजर नव्हते. जन्मभर त्यांनी मालवाहू बोटीवर स्वयंपाक केला होता. पण इंग्लंडातला एक फुटबॉल क्लब त्यांनी असा काही अंगाला लावून घेतला होता की तो हरला की ते रस्त्यात भेटेल त्याला सांगत, "चूक माझी आसा. पोरांचो काय दोष नाय." असं चार-पाच वेळा ऐकल्यावर कुणीतरी त्यांना मॅनेजर म्हटलं आणि ते नाव चिकटलं. क्लबाचं नाव मी इथे लिहीत नाही. त्या क्लबाने आधीच पुरेसं सोसलेलं आहे.

आमचं गाव कसालपासून बरंच आत. वडिलांची थोडी भातशेती, वर काजूची कलमं. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. कॉलेजसाठी मी या वाडीत खोली शोधायला आलो तेव्हा शाळेत शिकवल्याप्रमाणे शुद्ध मराठीत बोलत होतो, आणि हातात दाखल्यांची फाइल होती. मॅनेजरांनी फाइलकडे पाहिलंसुद्धा नाही.

"इंग्रजी येता?"

"बी.ए.ला इंग्रजीच घेतलं आहे."

"मगे खोली तुझी."

ही अट मला पुढच्याच शनिवारी कळली. मुंबईच्या मुलाने त्यांना मोठा टीव्ही पाठवला होता. सामन्याच्या दिवशी तो खळ्यात, म्हणजे घरापुढच्या सारवलेल्या अंगणात, सुपारीच्या खांबांच्या मांडवाखाली मांडला जाई. वाडी समोर बसे. आणि मला टीव्हीच्या बाजूला स्टूल टाकून दिलेलं असे. समालोचक काय म्हणतो ते मी मालवणीत सांगायचं. मला त्यातलं निम्मं कळे. उरलेलं निम्मं मी आदराने गाळून टाकी. समालोचक खूप वेळ बोलला आणि मी "तो म्हणता, बरो खेळतत" एवढंच म्हटलं, की मॅनेजर माझ्याकडे संशयाने बघत.

खेळाडूंची नावं त्यांनी कधीच शिकून घेतली नाहीत. "तेंचा नाव तेंच्या आयशीक ठाऊक, आपणाक काय करूचा?" असं म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली होती. उंच बचावपटू म्हणजे 'माड'. डाव्या बाजूने सुळकन पळणारा बारका म्हणजे 'तारली', ती बारकी मासळी. गोलरक्षक म्हणजे 'राखणदार', गावची राखण करणाऱ्या देवाच्या नावावरून. राखणदाराच्या पायांमधून चेंडू गेला तर ते त्याला शिव्या देत नसत. हात जोडून म्हणत, "काय चुकला-माकला आसात तर सांग रे बाबा."

आता गाऱ्हाण्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळं पुढे त्यावरूनच घडलं. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे. लग्न असो, नवी होडी असो, कोण मुंबईला निघालेला असो, एक जाणता माणूस उभा राहून गावच्या देवाला मोठ्याने सगळं सांगतो, मागणं मागतो, आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. त्या वाडीत हा मान मॅनेजरांचा होता. आवाज खणखणीत, विसर नाही, आणि बोटीवर वादळात ओरडायची सवय. सामन्याआधीही ते नारळ ठेवून, डोळे मिटून उभे राहत.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तू ह्या गावचो धनी. आज तुझी लेकरा हात जोडून तुझ्या पुढ्यात उभी आसत. हंयसून लांब, समुद्राच्या पलीकडे, तांबड्या सदऱ्यातली पोरा खेळतत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेंका पाव. तेंच्या दारात बॉल इलो तर परत धाड. दुसऱ्याच्या दारात गेलो तर तो आत घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

यावर पहिला आक्षेप मास्तरांनी घेतला होता. मास्तर म्हणजे शेजारचे निवृत्त गणित शिक्षक. ते स्वतःही फुटबॉलचे शौकीन. दरवर्षी दिवाळीपर्यंत ते थांबत, गुणतक्त्याचा अंदाज घेत, आणि मग जो क्लब सगळ्यांत वर असेल त्याच्यावर आपली निष्ठा जाहीर करीत. त्यामुळे ते आयुष्यात कधी हरले नव्हते, आणि हरणाऱ्यांना सल्ला देण्याचा अधिकार आपोआप त्यांच्याकडे आला होता.

"देवाची हद्द शिवेपर्यंत," मास्तर म्हणाले. "इंग्लंड आपल्या हद्दीत येणा नाय."

"टीव्ही खंय आसा?" मॅनेजरांनी विचारलं.

"तुझ्या खळ्यात."

"मगे सामनो हद्दीत झालो."

मास्तरांनी ते मनातल्या मनात दोनदा तपासून पाहिलं. त्यांना उत्तरातली चूक सापडली नाही, आणि मलाही अजून सापडलेली नाही.

दुसरी गोष्ट जेवणाची. क्लब जिंकला तर मॅनेजर टीव्ही बंद करून सगळ्यांना हात जोडत आणि घरी जायला सांगत. हरला तर कुणाला उठू देत नसत. "हरलंस? मगे आधी जेव" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मागच्या चुलीवर उकड्या तांदळाची पेज चढे, निखाऱ्यावर सुके बांगडे भाजले जात, त्यावर खोबरेलाची धार पडे. सोमवारी हरलो तर मासळी नाही, कुळथाची पिठी. सगळं स्वतः करीत, काकींना चुलीपाशी येऊ देत नसत. काकी दारात उभ्या राहून म्हणत, "ते थंय हरतत आणि तांदूळ माझे सरतत."

मॅनेजरांच्या हाताला चव होती. त्यामुळे हळूहळू वाडीच्या निष्ठेत एक गुंता तयार झाला. आमचा क्लब दोन गोलांनी पुढे गेला की मागच्या रांगेतली माणसं उसासा टाकून घरी जायला उठत. शेवटची काही मिनिटं उरलेली असताना आपल्यावर गोल झाला, की तोंडाने "अरेरे" म्हणत, पण मांडी मोडून नीट बसून घेत. रिक्षावाला भाऊ, जो रोज सगळ्यांत पुढे बसे, एकदा तर मध्यंतरालाच मला हळूच विचारून गेला, "काय वाटता रे, बांगडे भिजत घालूक सांगूया?" मॅनेजरांना यातलं काही कळत नव्हतं. खळं भरलेलं पाहून ते म्हणत, "बघ, वाईट दिवसात माणसा कशी जमतत ती!"

हे जेवणाचं वेड त्यांना कुठून लागलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, बांगडे उलटता उलटता.

"बोटीचा इंजिन बिघडला म्हणान आमी थंय इंग्लंडात अडकून पडलेलो. थंडी अशी की दात वाजत. एका दोस्तान सामन्याक न्हेल्यान. माका त्यातला काय एक कळाक नाय. मी नुसतो कुडकुडत होतंय. बाजूक एक म्हातारो. तेचे लोक हरले आणि तो रडाक लागलो. रडता रडता माझ्याकडे बघल्यान आणि आपल्या गळ्यातलो मफलर काढून माझ्या गळ्यात घातल्यान. मगे हाताक धरून न्हेल्यान आणि गरम गरम खावक घातल्यान."

"काय दिलं खायला?"

"काय होता ता माका आजून समाजला नाय. मीठ कमी होता." त्यांनी बांगडा उलटला. "हरलेलो तो. आणि जेवक माका घातल्यान."

त्या म्हाताऱ्याचं नाव त्यांनी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी समजलं नसतं. मफलर मात्र तेव्हापासून त्यांच्याकडे होता, आणि त्या मफलराबरोबर तो क्लब.

मला त्या घराने काय दिलं ते थोडक्यात सांगतो. माझ्या परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये, आणि नेमके तेव्हाच क्लबाचे महत्त्वाचे सामने. पहिल्या वर्षी मी माझ्या खोलीत वाचत बसलो होतो आणि खळ्यातून अजिबात आवाज येत नव्हता. मला वाटलं सामना नाही. पाणी प्यायला बाहेर आलो तर सगळी वाडी टीव्हीसमोर बसलेली, आवाज पूर्ण बंद, आणि मॅनेजर उभे राहून मफलराचं टोक तोंडात कोंबून आनंदाने थरथरत होते. गोल झाला होता. मला पाहताच त्यांनी हाताने खूण केली, जा, वाच. पेपराच्या आदल्या दिवशी ते स्वयंपाकघरात माझ्यासाठी लहानसं गाऱ्हाणं घालीत. मी तिन्ही वर्षं पास झालो. अभ्यास मी केला होता हे खरं. पण पहिल्या निकालाला घरी वडिलांनी मिठाई वाटली तेव्हा पहिला पुडा मॅनेजरांसाठी बाजूला काढला होता, आणि मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही.

शेवटच्या वर्षीच्या मे महिन्यात क्लबाची अवस्था वाईट होती. तिथे एक पद्धत आहे. वर्षाच्या शेवटी तळाला राहिलेले संघ खालच्या वर्गात ढकलतात. मी वाडीला समजावलं की हे नापास होऊन मागच्या वर्गात बसण्यासारखं आहे. सगळ्यांना लगेच कळलं. बहुतेकांना अनुभव होता.

हंगाम संपत आला होता आणि हा एक सामना जिंकला तर आम्ही वाचणार होतो. खळ्यात मुंबईहून आलेले चाकरमानीही येऊन बसले होते. सामना समोरच्या संघाच्या मैदानावर होता. मॅनेजरांनी त्या दिवशी गाऱ्हाणं असं घातलं की समोरच्या रस्त्यावरची माणसं थांबून "व्हय म्हाराजा" म्हणाली. "तांबड्या सदऱ्यातल्या पोरांका आज काय्येक कमी करू नको म्हाराजा!" हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं.

मग टीव्ही लावला. तेवढ्यात लाईट गेली. परत आली तेव्हा सामना सुरू झालेला होता आणि तांबडे सदरे जोरात चढाई करत होते. एका बाजूला तांबडे, दुसऱ्या बाजूला पिवळे. वाडीने टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

"आज पोरा पेटली आसत!" मॅनेजर म्हणाले. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता. "पण तारली वायच वेगळो दिसता."

"केस कापल्यान आसतीत," रिक्षावाला भाऊ म्हणाला.

"आणि माड खंय गेलो?"

"बसवल्यानी आसतीत."

तांबड्यांनी गोल केला. खळं उठून नाचलं. चाकरमान्यांनी मॅनेजरांना खांद्यावर घेतलं. मागच्या रांगेतली दोन माणसं निराश होऊन चपला शोधू लागली. मी स्टुलावर बसून पडद्याच्या कोपऱ्यातली अक्षरं वाचत होतो. पुन्हा वाचली. मग समालोचक काय म्हणतो ते ऐकलं. त्या दिवशी, दुर्दैवाने, मला सगळं कळलं.

"काका," मी म्हटलं, "गोल आपल्यावर झाला."

"खुळो की काय! तांबड्यांनी केल्यानी."

"ते तांबडे दुसरे. दोघांचा रंग एकच म्हणून पाहुण्या संघाला सदरे बदलावे लागतात. आपले आज पिवळ्यात आहेत."

मॅनेजर अजून खांद्यावरच होते. त्यांना हळूहळू खाली उतरवण्यात आलं. बाकीचा सामना त्यांनी उभ्यानेच पाहिला. तांबड्यांना खरोखरच काही एक कमी पडलं नाही. चेंडू त्यांच्या दारात गेला की परत येत होता आणि आमच्या दारात आला की आत जात होता, अगदी सांगितल्याप्रमाणे. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा मास्तरांनी आकडेमोड करून जाहीर केलं की आता काही उपाय नाही, क्लब खालच्या वर्गात गेला.

माणसं मॅनेजरांकडे बघू लागली. मग मास्तरच म्हणाले, "गाऱ्हाण्यात नाव नाय, गाव नाय. नुसतो रंग सांगितलंस. देवान काय करूचा?"

"म्हणजे देवान ऐकल्यान?" रिक्षावाला भाऊ म्हणाला.

"शब्दाक शब्द ऐकल्यान."

"इंग्लंडात?"

"इंग्लंडात!"

आणि मग एक विलक्षण गोष्ट झाली. वाडी खूश झाली. क्लब बुडाला होता, पण देव पोचला होता. "मी समाजत होतंय, देवाची रेंज शिवेपर्यंत," रिक्षावाला भाऊ सगळ्यांना सांगू लागला. "फुल रेंज आसा रे! आपणच नंबर चुकीचो लावलो." चाकरमान्यांनी मुंबईला फोन लावले. मागच्या रांगेतली माणसं मांडी घालून चुलीकडे पाहत बसली.

चूल पेटली नाही. मॅनेजरांनी मफलर काढला, घडी घातली आणि ते आत गेले. हरल्यावर त्या घरात जेवण नाही असं पहिल्यांदाच झालं. माणसं थोडा वेळ वाट बघून उपाशी उठली आणि रस्त्यात चपलांवरून भांडली.

दुसऱ्या दिवसापासून खळ्यात लोक येऊ लागले. एकाच्या मुलाचा आखातातला व्हिसा अडला होता. एकाची जमिनीची केस वरच्या कोर्टात होती. एका बाईंची सून ऑस्ट्रेलियात होती आणि फोन करत नव्हती. इतके दिवस ही कामं देवाच्या आवाक्याबाहेरची म्हणून कोणी सांगत नव्हतं. आता खात्री पटली होती. फक्त मॅनेजरांनी नीट तपशिलात सांगायचं होतं.

मॅनेजर सगळ्यांना एकच उत्तर देत. "माझा तोंड बाधता. दुसऱ्याक सांगा."

त्यांना ते खरंच वाटत होतं. बाकीच्यांसाठी देव इंग्लंडात पोचला ही बातमी होती. त्यांच्यासाठी एवढंच उरलं होतं की ज्या माणसाने थंडीत गळ्यातला मफलर काढून दिला, त्याच्या क्लबाला आपण आपल्या तोंडाने बुडवलं. शेजारच्या लग्नात त्यांना मानाने बोलावलं तर ते मागे जाऊन बसले. शेवटी एका तरुणाने मोबाइलवर बघून गाऱ्हाणं वाचलं. मधेच कुणाचा तरी फोन आला आणि देवाला थांबावं लागलं. मॅनेजर ऐकत होते. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. वाडीत बोलणी सुरू झाली की म्हाताऱ्याला गर्व चढलाय.

"गर्व खंयचो," काकी मला म्हणाल्या. "माणूस जेवणा नाय रे. जन्मभर जगाक जेवक घातल्यान आणि आता आपला ताट पुढे सारता. तुझा तरी ऐकात. बोल वायच."

मी बोललो. मी त्यांना समजावलं की सामना खेळाडू हरतात, गाऱ्हाण्याने गोल होत नाहीत. तीन वर्षांच्या कॉलेजच्या बळावर मी बरंच काही बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मगे तुझ्या परीक्षेक गाऱ्हाणा घातलंय ता?" त्यांनी विचारलं.

मला मिठाई आठवली. पहिला पुडा आम्ही बाजूला काढला होताच.

निकाल लागला आणि सावंतवाडीच्या एका संस्थेतून मुलाखतीचं बोलावणं आलं. लिपिकाची एकच जागा होती. वडिलांचा फोन आला, "काकांका गाऱ्हाणा घालूक सांग." मी हो म्हटलं, पण सांगितलं नाही. सकाळी पांढरा सदरा घालून, फाइल घेऊन, गुपचूप पायरी उतरत होतो.

"थांब," मागून आवाज आला. मॅनेजर दारात उभे होते. बरेच दिवस दाढी केलेली नव्हती. "पांढरो सदरो घातलंस?"

"हो."

"बाकीचे काय घालून येतले?"

"पांढराच असेल बहुतेक."

"आणि मगे देवान वळखूचा कसा?" ते ओरडले. इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकून काकी धावत बाहेर आल्या. मॅनेजर आत गेले, ट्रंकेचं झाकण वाजलं, आणि ते मफलर घेऊन आले. कडुलिंबाचा पाला झाडून त्यांनी तो माझ्या गळ्यात घातला. त्याची गाठ त्यांनी दोनदा सोडून पुन्हा मारली. तोंड उघडायला ते किती घाबरले होते ते मला तेव्हा दिसलं.

"काका, नाव-गाव सांगा ना. रंग कशाला?"

"एका नावाची धा माणसा. देव काय हजेरी घेता? देव बघता." पराभवातून ते शिकले होते ते एवढंच. रंग सांगायचा सोडायचा नाही, रंग पक्का करून सांगायचा. "खबरदार, काढलंस तर."

बस वळणावर हॉर्न देत होती. त्यांनी डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा! आज सावंतवाडेक ज्या लेकराच्या गळ्यात तांबडा आसा, ता आपला. तेका पाव. ती नोकरी तेका दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," काकी म्हणाल्या. दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मीही म्हटलं.

मुलाखतीला आलेल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. उकाड्याने भिंतींना घाम सुटला होता. शेजारी बसलेल्या मुलीने मला स्वतःची पाण्याची बाटली दिली आणि ताप आहे का विचारलं. आतल्या साहेबांनीही तेच विचारलं. मी म्हटलं, नाही सर, घरच्यांनी दिलाय. त्यांनी पुढचे प्रश्न लवकर आटोपले. दुपारी नाव जाहीर झालं. ते माझं नव्हतं.

परत येताना बसमध्ये मला माझ्यापेक्षा त्यांचीच काळजी होती. वाडीत उतरलो तर खळ्यात मॅनेजर, मास्तर, रिक्षावाला भाऊ, व्हिसावाले, कोर्टवाले, सगळे बसलेले. काकींनी गाऱ्हाण्याची बातमी सगळीकडे केली होती.

"काय झाला?" मॅनेजरांनी विचारलं.

"नाय झाला, काका."

"मफलर काढलंस?"

"नाय. शेवटपर्यंत गळ्यातच होतो."

"म्हणजे मी गाऱ्हाणा घातलंय... आणि लागू पडाक नाय?"

"नाय."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा हळूहळू सैल होत गेला. कोणाच्या नापास होण्याने एखादा माणूस इतका सुखावलेला मी पाहिलेला नाही.

"मगे माझ्या तोंडात तसा काय नाय म्हण!" ते उठून उभे राहिले. "ऐकलंस गो? मी कोणाक बुडवूक नाय! ते आपल्या पायान हरले! मेले बॉलाक लाथ मारूक येणा नाय तेंका, माझो काय दोष?" आणि माझ्या खांद्यावर इतक्या जोराने थाप मारली की फाइल खाली पडली. "बस. हरलंस मा? आधी जेव." ते चुलीकडे निघालेसुद्धा.

व्हिसावाल्यांचे चेहरे पडले. पण मास्तर गणिताचे होते, ते सहजासहजी सोडणारे नव्हते.

"थांबा," ते म्हणाले. "गाऱ्हाण्यात काय म्हटलंस? गळ्यात तांबडा. आता तू सांग झिला, आठवून. थंय आणखी कोणाच्या गळ्यात तांबडा होता?"

मॅनेजर चुलीपाशी थांबले. हातात काड्यापेटी तशीच राहिली. सगळं खळं माझ्याकडे बघू लागलं.

"नाय सर," मी म्हटलं. "मी नीट बघलंय. कोणाच्याच नाय."

काडी ओढल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने पेजेचा वास सुटला. मी गळ्यातला मफलर काढून द्यायला गेलो, तर मॅनेजरांनी बांगडे उलटता उलटता मान पुढे केली आणि मी तो त्यांच्या गळ्यात घातला.

"खालच्या वर्गातले सामने दाखवतत काय रे टीव्हीवर?" त्यांनी विचारलं.

"शोधून काढतो."

"काढ. आणि बांगडो घे आणखी एक. माका वाढ, मीय बसतंय."

काकी त्यांचं ताट घेऊन आल्या.

पुढे मला दुसरीकडे नोकरी लागली. मॅनेजर पुन्हा गाऱ्हाणी घालतात. लग्नाला, होडीला, आणि आता खालच्या वर्गातल्या तांबड्यांनाही. सावंतवाडीची ती जागा मला पाणी देणाऱ्या मुलीला मिळाली. फार चांगली मुलगी होती, तिचं भलं होवो. तिने गळ्याभोवती घेतलेली ओढणी कोणत्या रंगाची होती, ते मी त्या वाडीत आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही.